फाईल उशिरा का पोचत होती

कुंदाताई,

तुमची फाईल माझ्याकडे अडकली आहे. आज नववा दिवस. तुम्ही असता तर म्हणाला असता, "पत्रकबाई, जग नंतर बदल, आधी फाईल पुढे दे."

फाईल म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको, पण हे पत्र इतरही वाचतील म्हणून सांगते. हिरवा पुठ्ठा, वर क्लिप, अडकवायला दोरी. आत नगरपालिकेच्या सूचना: काचेच्या बाटल्यांचा कचरा कोणत्या बुधवारी, रक्तदाब तपासणारी गाडी कधी येणार, देवळाभोवतीचं गवत कापायचा रविवार कोणता. वाडीतल्या प्रत्येक घराने वाचायचं, आपल्या नावाच्या चौकोनात शिक्का मारायचा आणि पायी चालत पुढच्या घरी नेऊन द्यायचं. जपानीत तिला काइरानबान म्हणतात. तुम्ही फाईल म्हणायचात, म्हणून मीही.

तुमच्या या डोंगरातल्या वाडीत सात घरं. पहिलं गटप्रमुख ओगावा-सानचं, सहावं तुमचं, सातवं हारुए-सानचं. पाचव्या घरातल्या आजोबांना तुमच्या दारापर्यंत येता येतं, त्यापुढे नाही. पुढे एकशे बारा पायऱ्या आहेत. तुम्हीच मोजलेल्या. तुम्ही काय मोजलं नव्हतं? म्हणजे तुमचं घर यादीतून गेलं की हारुए-सानचंही जातं. ओगावा-साननी मला हे अतिशय सभ्यपणे सांगितलं. परवा, रविवारी, बैठक आहे. हारुए-सानना सूचना फोनवर कळवता येतील, असं सगळ्यांचं मत दिसतं. तोवर फाईल तुमच्याच घरी राहू द्यावी.

आणि मी, जिने तुमच्याशी चार वर्षं याच विषयावर भांडण केलं, तुमच्या पडवीत बसून ते शेवटचे दोन चौकोन बघते आहे. तुम्हाला जाऊन चोवीस दिवस झाले. काल रडतं काहीतरी लिहायला घेतलं होतं. दुसऱ्याच ओळीत सुरण आलं आणि मी एकटीच हसत सुटले. तुमच्याबद्दल रडून लिहिता येत नाही. तुम्ही ती सोयच ठेवली नाहीत.

*

पहिली भेट आठवते? टोकियोतल्या हिगाशी-कसाईच्या त्या हॉलमध्ये मराठी मंडळाची दिवाळी होती. बाहेर मुलांचा एवढा गोंगाट की माईक असूनही ओरडावं लागत होतं. मी त्सुकुबाच्या विद्यापीठात शहररचनेत डॉक्टरेट करायला आले होते, आल्याला जेमतेम वर्ष झालं होतं, आणि माझं भाषण होतं. विषय: 'रिकाम्या होणाऱ्या गावांचा आक्रोश'. नाव मीच ठेवलं होतं. टोकियो सगळ्या देशाची तरुण माणसं ओढून घेतं, डोंगरातल्या शाळा बंद पडतात, बस बंद पडतात, आणि कोणी जाब विचारत नाही, असं मी हात उगारून सांगत होते. शेवटच्या रांगेतून, हातात साबुदाण्याच्या वड्यांची बशी धरून, पांढऱ्या केसांच्या एक बाई उभ्या राहिल्या.

"यातल्या एका गावातल्या एका माणसाचं नाव सांगशील?"

मी भाषणाचे कागद चाळले, त्यांत एकही नाव नव्हतं.

"मग आक्रोश कोणाचा ऐकलास?"

हॉल हसला. माझ्या वडिलांनी मला शिकवलं होतं की मध्ये बोलणाऱ्याला त्याच्याहून मोठ्या आवाजात उत्तर द्यायचं. मी दिलं. काय दिलं ते आता आठवत नाही, फक्त मोठं होतं. तुम्ही शांतपणे वडा संपवलात आणि म्हणालात, "आवाज छान आहे. शनिवारी मोकळी आहेस का?"

मी कुठून आले होते हे तुम्हाला नंतर कळलं आणि तुम्ही पोट धरून हसलात. इचलकरंजी. वडील यंत्रमाग कामगारांच्या संघटनेचे. आमच्याकडे पाहुण्याला चहाच्या आधी पत्रक मिळायचं. मला अक्षरओळख झाली ती 'बंधूंनो आणि भगिनींनो'पासून. मी पत्रकांच्या घड्या घालायला शिकले तेव्हा मला वेणी घालता येत नव्हती. माझं नाव क्रांती, भावाचं संग्राम. "आणि मांजराचं?" तुम्ही विचारलंत. मांजराचं बहिष्कार होतं. त्यावर तुम्हाला गाडी रस्त्याच्या कडेला थांबवावी लागली.

त्या शनिवारच्या प्रवासात तुम्ही तुमच्या वाडीची गोष्ट सांगितलीत. अर्धं आयुष्य त्सुकुबाच्या संस्थेत लोकसंख्येचे नकाशे काढण्यात गेलं. कोणत्या तालुक्यात किती म्हातारी माणसं, कुठे किती जन्म, कोण कुठून कुठे गेलं, सगळं रंगवून. त्या नकाशांवर ही वाडी सगळ्यात गडद रंगात होती आणि तुम्ही ती कधी पाहिली नव्हती. मग मोठा भूकंप झाला. त्सुकुबाचे नळ कोरडे पडले. हिगाशी-कसाईतली निम्मी ओळखीची कुटुंबं भारतात निघून गेली, मिरजेहून भावाचे फोन येत होते, परत ये म्हणून. आणि तुम्ही एका सहकाऱ्याच्या गाडीतून, चार रिकामे कॅन घेऊन, विहिरीचं पाणी मिळतं असं कळलं म्हणून डोंगरात आलात. विहीर हारुए-सानची होती.

"वीस वर्षं मी त्या बाईला नकाशावर गडद रंगवत होते," तुम्ही म्हणालात, "आणि पाणी तिच्याकडे होतं."

निवृत्त झाल्यावर तुम्ही इथलंच एक रिकामं घर मागितलंत. मालक टोकियोलगत, समुद्रकाठी उरायासुला राहतात. भूकंपात त्यांच्या भराव घातलेल्या जमिनीतून चिखल वर आला, तेव्हा बायकामुलांना घेऊन महिनाभर याच घरात येऊन राहिले होते. नंतर परत गेले, कारण नोकरी तिकडे. त्यांनी तुम्हाला एकच अट घातली: रोज खिडक्या उघडायच्या.

*

आता सुरण. ते टाळून पुढे जाता येणार नाही.

त्याच पहिल्या शनिवारी हारुए-सानच्या पडवीत कोन्याकुचे कंद वाळत पडले होते. तुम्ही एक उचललात, वास घेतलात आणि तुमचे डोळे चमकले. "क्रांती, हा सुरणाचा सख्खा चुलत भाऊ आहे!" हे शास्त्राच्या दृष्टीने खरंच होतं. पण त्यापुढचं जे तुम्ही केलंत ते फक्त एक मिरजकर लोकसंख्याशास्त्रज्ञच करू शकते. हारुए-सान आत चहा करत होत्या, तेवढ्यात तुम्ही दोन कंद मागून घेतलेत, घरी आणलेत, काप केलेत, चिंचेच्या पाण्यात उकळलेत, तिखट-मीठ लावून रव्यात घोळवून तळलेत. मी सात खाल्ले. तुम्ही नऊ.

दहा मिनिटांनी आपल्या दोघींचा घसा असा धरला की बोलता येईना. हारुए-सान वर चहासाठी वाट बघत होत्या, त्या शेवटी पायऱ्या उतरून आल्या. त्यांनी काय पाहिलं? दोन भारतीय बायका, जिभा बाहेर काढून, एकमेकींना खुणा करताहेत. त्यांनी कढईत डोकावून बघितलं आणि तिथेच जमिनीवर बसल्या. हसून. या कंदाला चुना लागतो, चिंच नाही, हे त्यांनी आपल्याला सांगितलं तेव्हा ऐकायला आपण शुद्धीवर होतो, उत्तर द्यायला नव्हतो. संध्याकाळपर्यंत सातही घरांना कळलं होतं. ओगावा-सान मुद्दाम बघायला आले. म्हणाले, "माझ्या वडिलांपासून आम्ही कोन्याकु पिकवतो. कंद असा खाल्लेला माणूस पहिल्यांदा बघतो आहे." आणि तुम्ही, आवाज परत आल्यावर पहिलं वाक्य: "चव चांगली होती ना गं?"

त्या दिवशी मला एका गावातल्या सात घरांची नावं पाठ झाली. तुमचा प्रश्न मी कधी विसरले नाही.

आणि लिफ्ट! पुढच्या दिवाळीला तुम्ही हारुए-सानना हिगाशी-कसाईला घेऊन आलात. शहाऐंशी वर्षांची बाई, किमोनोवर शाल, पायात नवे बूट. ज्या इमारतीत फराळाला जायचं होतं तिच्या लिफ्टमध्ये आपण शिरलो आणि मागोमाग आठ-नऊ मुलं शिरली. पंधरा वर्षांपूर्वी वाडीतली शाळा बंद झाली, तेव्हापासून हारुए-साननी इतकी मुलं एकदम पाहिली नव्हती. एकीची आई बाहेरून मराठीत ओरडली, "ईशू, चप्पल घाल!" आणि ईशूने जपानीत उत्तर दिलं, की घातलीय. हारुए-सान चकित झाल्या. परक्या चेहऱ्याची पोर आपल्या भाषेत आईशी वाद घालते आहे! ईशूने बटणांपाशी उभी राहून त्यांना विचारलं, "आजी, कितव्या मजल्यावर जायचंय?"

"सगळ्याच," हारुए-सान म्हणाल्या.

आणि ईशूने खरंच सगळी बटणं दाबली. आपण फराळाला पाऊण तास उशिरा पोचलो. वर, खाली, वर, खाली. प्रत्येक मजल्यावर दार उघडलं की आणखी एखादं पोर आत यायचं, आणि हारुए-सान प्रत्येकाला वाकून नमस्कार करायच्या. मी तेव्हाही तुमच्या कानात कुजबुजले होते, "बघा, एका लिफ्टमध्ये वाडीतल्या घरांपेक्षा जास्त मुलं. हा अन्याय नाही?" तुम्ही म्हणालात, "तिच्या तोंडाकडे बघ आणि मग सांग."

मी बघितलं. पण कबूल केलं नाही. कबूल करणं मला घरी शिकवलंच नव्हतं.

*

तुमच्या-माझ्या भांडणाला एकच मूळ होतं. मी म्हणायचे, वाडी वाचवली पाहिजे. बस परत सुरू करा, शाळा उघडा, टोकियोला जाब विचारा. तुम्ही म्हणायचात, "वाचवायचं म्हणजे काय करायचं? कोणाला तरी इथे आणून बसवायचं? कोणाला? तुला?" मी त्सुकुबाच्या अकराव्या मजल्यावर राहून हे लिहिते, हे तुम्ही कधी बोलून दाखवलं नाहीत. एवढंच म्हणालात: "मी मिरजेहून निघाले. तू इचलकरंजीहून. आपल्या गल्ल्यांसाठी कोणी पत्रक काढलं का? माणसं जातात गं. जिथे जातात तिथे काही गुन्हा करत नाहीत. प्रश्न एवढाच, की जी राहिली त्यांच्या दारावर कोण जातं."

"ही शरणागती आहे," मी म्हणायचे.

"नाही. ही सोबत आहे."

तरी आपल्या दोघींचं एका बाबतीत एकमत होतं. आठवतं, फाईलमध्ये ते पत्रक आलं होतं? गुबगुबीत बाळाचं चित्र, आणि खाली: तरुण भगिनींनो, आपल्या डोंगरात या, लग्न करा, गाव पुन्हा हसतं करा. मी संतापाने लाल झाले होते. बायका म्हणजे लोकसंख्या वाढवायचं यंत्र आहेत का, मी जाहीर निषेध लिहिते, वगैरे. तुम्ही नेहमीप्रमाणे शिक्का मारलात आणि बाळाच्या शेजारी पेन्सिलीने लिहिलंत: "वय एकोणसत्तर. प्रयत्न करून बघते." फाईल वर गेली. खाली आली तेव्हा त्याखाली कापऱ्या अक्षरात आणखी एक ओळ होती: "वय शहाऐंशी. मीसुद्धा." ओगावा-साननी तो कागद परत पाठवलाच नाही. तो आजही त्यांच्या फ्रिजवर चिकटवलेला आहे. माझ्या आयुष्यभराच्या पत्रकांपैकी एकही कोणी फ्रिजवर लावलेलं नाही.

बरोबर, एक पत्रक मी फाईलमध्ये घातलं होतं. तुम्हाला न विचारता. दोन पानं, जपानीत, बससेवेबद्दल. फाईल फिरून आली तर सातच्या सात शिक्के! मी पडवीत नाचले. "एकमताने पाठिंबा!" तुम्ही चष्मा काढून डोळे पुसलेत. "अगं, शिक्क्याचा अर्थ 'पाहिलं'. पटलं असा नाही. उद्या तू वाण्याची यादी घातलीस तरी सात शिक्के मिळतील." मग तुम्ही पत्रक उलटं केलंत. मागे हारुए-सानचा अभिप्राय होता: "अक्षर बारीक आहे. मोठं लिहावं. बाकी छान." त्या दिवसापासून मी मोठ्या अक्षरात लिहिते. माझ्या वडिलांच्या संघटनेतही आता मोठी अक्षरं वापरतात. हा तुमचा त्या चळवळीवरचा एकमेव प्रभाव.

*

आणि आता ते, जे अजून घशात आहे, सुरणासारखं.

तुमच्या दाराशी, चपलांच्या कपाटावर, एक वही असायची. फाईल वाडीत कधी निघाली, परत ओगावा-सानकडे कधी पोचली, प्रत्येक फेरीची नोंद. सवय तुमची, मोजल्याशिवाय चैन पडायचं नाही. मी ती वही वाचली आणि मला पुरावा सापडला. तुम्ही राहायला आलात तेव्हा फाईल दोन दिवसांत फिरायची. मग तीन. मग चार. या वर्षी सहा! घरं तीच सात. माणसं थकत चालली, पावलं मंदावली, वाडी डोळ्यांदेखत बुडते आहे, आणि इथे ते आकड्यांत! मी तो आलेख काढला. पत्रकाचा मथळाही ठरवला.

"ते आकडे वापरू नकोस," तुम्ही म्हणालात.

"का? चुकीचे आहेत?"

"नाही. बरोबर आहेत."

"मग?"

"तू समजतेस त्याचे नाहीत ते."

"मग कशाचे आहेत?"

तुम्ही दूध उतू जाईल म्हणून आत गेलात. दूध गॅसवर नव्हतंच. मी बघितलं होतं.

त्यानंतर फोनवर मी तुम्हाला जे बोलले ते इथे लिहिते, कारण लिहिलं नाही तर मी खोटी ठरेन. मी म्हणाले, "तुम्ही शास्त्रज्ञ नाही, प्रेक्षक आहात. वाडी संपताना खुर्ची टाकून बघत बसलेल्या."  तुम्ही विचारलंत, "जेवलीस का?" मी फोन ठेवला. पुढच्या आठवड्यात बोलू असं ठरवलं होतं मनाशी. त्या आठवड्यात एका सकाळी तुम्ही उठला नाहीत. पाचव्या घरातले आजोबा खिडक्या उघडलेल्या दिसल्या नाहीत म्हणून बघायला आले, म्हणून लगेच कळलं.

उद्या सकाळी वर जाणार आहे. रविवारच्या बैठकीत काय होणार ते हारुए-सानना कोणीतरी आधी सांगायला हवं.

*

रविवार झाला. उरलेलं लिहिते.

शनिवारी फाईल काखेत धरून एकशे बारा पायऱ्या चढले. एकशे चौदा आहेत, कुंदाताई. तुम्ही वरच्या दोन सोडल्यात, कदाचित तिथे पोचेपर्यंत हारुए-सानची हाक येत असेल म्हणून. त्यांनी नवा चहा केला होता. मी सगळं सांगितलं. तुमचं घर यादीतून जाईल, त्यांचंही, सूचना फोनवर येतील. आणि मग, कारण मला कोणाला तरी विचारायचंच होतं, मी वही उघडून त्यांच्यापुढे ठेवली. "फाईलला सहा दिवस का लागायचे? तुम्हाला इतकं चालवत नाही का?"

त्यांनी वही डोळ्यांजवळ नेली. मग तोंडावर हात ठेवला. त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडताहेत. त्या हसत होत्या.

"कुंदा-सानकडे फाईल आली की त्या लगेच वर यायच्या," त्या म्हणाल्या. "फाईल न घेता. 'फाईल आली आहे, उद्या आणते' हे सांगायला. मग चहा. दुसऱ्या दिवशी पुन्हा. 'आणायला विसरले.' मग चहा. पायऱ्या मोजणारी बाई फाईल विसरते का? तिसऱ्या दिवशी आणायच्या."

"आणि बाकीचे दिवस?"

"फाईल खाली न्यायलाही त्याच यायच्या ना. त्या आल्या की मी म्हणायचे, अगबाई, माझा शिक्का सापडत नाही. उद्या या."

"शिक्का कुठे असायचा?"

त्यांनी चहाचा डबा उघडून दाखवला. चहावर, छोट्या पिशवीत, शिक्का. "नेहमी इथेच असतो," त्या म्हणाल्या. "कुंदा-सान या डब्यातला चहा पाच वर्षं पीत होत्या. त्यांनाही ठाऊक होतं."

कुंदाताई! लोकसंख्येचे नकाशे काढण्यात आयुष्य घालवलेली शास्त्रज्ञ, आणि स्वतःच्या हाताने स्वतःचे आकडे बिघडवत होतात! आणि प्रामाणिकपणे लिहूनही ठेवत होतात! दोन दिवसांचे सहा झाले ते वाडी मंदावली म्हणून नाही. दोन बायकांना एका फाईलमध्ये पाच भेटी बसवता यायला लागल्या म्हणून. मी ज्याला बुडणं म्हणत होते तो तुमचा चहा होता. मी हसले, मग रडले, मग परत हसले. हारुए-साननी मध्ये एकदा माझ्या पाठीवर थोपटलं आणि दुसरा कप भरला.

आज बैठक तुमच्याच घरी झाली, कारण पाचव्या घरातल्या आजोबांना आणि हारुए-सानना दोघांनाही तेवढंच जमतं. हारुए-सान माझा हात धरून उतरल्या. खिडक्या मी सकाळीच उघडल्या होत्या. उरायासुला फोनही केला होता. मालक म्हणाले, खिडक्या उघडणारं कोणी असेल तर घर आहेच.

माझ्या खिशात चार पानांचं भाषण होतं, मोठ्या अक्षरात. ओगावा-साननी विचारलं, "तुम्हाला हे घर यादीत का ठेवायचं आहे?" मी उभी राहिले, कागद बाहेर काढला, आणि मला तुमची शेवटची रांग दिसली, वड्यांच्या बशीसकट. कागद परत खिशात ठेवला.

"शनिवारी हारुए-सानकडे चहाला जायचं आहे," मी म्हणाले.

ओगावा-साननी घसा साफ केला. "नियम आहे की घरात राहणारं माणूस हवं. तुम्ही शनिवार-रविवार येणार. आठवड्यातले दोन दिवस म्हणजे माणूस किती धरायचं?"

सरकारने अशांसाठी एक गुळगुळीत शब्द काढला आहे, गावाशी नातं असलेली लोकसंख्या. मी त्यावर एकदा तीन पानं आग ओकली होती, तुम्ही वाचलीत आणि म्हणालात, "नाव वाईट आहे, माणसं चांगली असतील." आज ते माणूस मी होते. 

"आणि फाईल सोमवारी आली तर?" ओगावा-सान पुढे म्हणाले. "शनिवारपर्यंत थांबणार? रक्तदाबाची गाडी गुरुवारी निघून जाईल."

"माझा रक्तदाब शनिवारपर्यंत थांबेल," हारुए-सान म्हणाल्या. "अठ्ठ्याऐंशी वर्षं थांबलाय."

आधी पाचव्या घरातले आजोबा हसले, मग सगळे. ओगावा-सान शेवटी हसले, पण सगळ्यात जास्त वेळ. तातडीचं काही असलं तर ते स्वतः फोन करतील, असं ठरलं. बाकी फाईल फिरू दे. त्यांनी यादीचा कागद पुढे ओढला. मला वाटलं तुमचं नाव खोडतील. नाही खोडलं. त्याच चौकोनात, तुमच्या नावाखाली, माझं लिहिलं. चौकोन लहान पडला, माझं नाव थोडं बाहेर आलं आहे. तुम्ही म्हणाला असता, साहजिक आहे.

कुंदाताई, तुम्ही प्रेक्षक नव्हतात. हे मी फोनवर सांगायला हवं होतं. वाडी एक दिवस रिकामी होईल, तुमचं म्हणणं बहुतेक खरं ठरेल, आणि बसबद्दलचं माझं पत्रक मी तरीही काढणार आहे, ओगावा-सानना विचारून. आपलं भांडण संपलेलं नाही. फक्त तो आलेख मी फाडला. आणि हो, जेवले. हारुए-साननी कोन्याकु केलं होतं. चुना घालून.

बैठक संपल्यावर सगळ्यांना वाटेला लावलं, तुमची वही घेतली आणि शेवटच्या फेरीची नोंद पुरी केली. तुमच्या दोन रकान्यांशेजारी मी एक तिसरा आखला आहे. आकडे अजून बिघडणार आहेत, त्याची तयारी ठेवा.

निघाली: गेल्या महिन्यात.
पोचली: आज.
कारण: चहा.

तुमची,
क्रांती